जुन्या गिअरबॉक्सची पारख : एका धान्य-व्यापाऱ्याचा अनुभव

ज्याचे सारे आयुष्य धानाच्या पोत्यांत आणि तराजूच्या पारड्यांत गेले, त्याने गिअरबॉक्ससारख्या लोखंडी विषयावर लेखणी उचलावी, हे पाहून आमचे काही व्यापारी बंधू हसतील. त्यांचे हसणे आम्हांस मान्य आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालेले असून यंत्रशास्त्राशी आमचा पुस्तकी संबंध कधीच आला नाही. परंतु एका चुकीची किंमत आम्ही मोजली आहे, आणि तिचा मोठा हिस्सा आमच्याऐवजी दुसऱ्याच एका माणसाला भरावा लागला. तो हिशेब आपल्या संघटनेच्या स्मरणिकेत मांडावा, म्हणजे निदान वाचकांपैकी कोणी त्याच मार्गाने जाणार नाही, एवढ्याच हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

आमचे बिरसा हे बालाघाट जिल्ह्याच्या पठारी भागातले तालुक्याचे गाव. एका अंगाला मलाजखंडची तांब्याची खाण, दुसऱ्या अंगाला कान्हाचे जंगल, आणि मध्ये धानाची शेते. येथे रेल्वे नाही. जो काही माल जातो आणि येतो, तो ट्रकच्या पाठीवरून. बैहरवरून बालाघाटकडे जाताना पठार संपते आणि गांगुलपाऱ्याच्या बाजूने घाट उतरून वैनगंगेच्या खोऱ्यात यावे लागते. पुढे वारासिवनी असो की गोंदिया, तांदळाच्या गिरण्यांपर्यंत पोहोचावयाचे तर हा घाट उतरल्यावाचून गत्यंतर नाही. भरलेली गाडी खाली आणि रिकामी गाडी वर, असा आमचा नित्यक्रम आहे. म्हणून आमच्याकडे गिअरबॉक्सचे मोल चढावर कळते त्याहून उतारावर अधिक कळते.

ती एक घाई

गोष्ट १९९४ सालची आहे. धानाचा हंगाम ऐन भरात होता. गोदामापुढे पोत्यांची थप्पी लागलेली, गिरणीवाल्यांचे निरोपावर निरोप, आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या ट्रकचा गिअरबॉक्स निकामी झाला. नवा गिअरबॉक्स घेण्याइतकी रक्कम हाती नव्हती, कारण पैसा मालात अडकला होता. तेव्हा एका मोठ्या शहरातील जुन्या मालाच्या दुकानातून आम्ही एक वापरलेला गिअरबॉक्स आणला. काळ्या रंगाने नुकताच रंगविलेला, पुसून लखलखीत केलेला. दुकानदार म्हणाला, ‘‘शेठजी, डोळे मिटून बसवा.’’ आणि आम्ही खरोखरच डोळे मिटले.

आमचे मिस्त्री वयाने वडील आणि स्वभावाने स्पष्टवक्ते होते. ते म्हणाले, ‘‘शेठजी, वरचे झाकण उघडून आत बघू द्या. अर्ध्या तासाचे काम आहे.’’ आम्ही म्हणालो, ‘‘मिस्त्री, हंगाम थांबत नाही. बसवून टाका.’’ त्यावर ते एवढेच बोलले, ‘‘तुम्ही पोते वरून बघून घेता का कधी?’’ त्या वेळी आम्हांस या प्रश्नाचा राग आला. आज तो प्रश्नच या लेखाचा मथळा व्हावा असे वाटते.

आठव्या दिवशी सुमारे नव्वद क्विंटल धान भरून गाडी घाट उतरत असता तिसरा गिअर आपोआप सुटला. दांडा उडून न्यूट्रलमध्ये आला. गाडी इंजिनच्या आवर्तनाने रोखली जात होती ती एकदम मोकळी झाली. वाहनचालकाने पुन्हा गिअर टाकण्याचा प्रयत्न केला, पण वाढत्या वेगात गिअर बसेना. नुसत्या ब्रेकवर एवढा भार धरताना ड्रम तापले आणि ब्रेक सैल पडू लागले. चालक भला आणि अनुभवी. त्याने दरीच्या बाजूचा विचार सोडून गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली आणि थांबविली. तो बचावला. क्लीनर मात्र, एकोणीस वर्षांचे पोर, दरवाजाखाली सापडला आणि त्याचा डावा पाय मोडला. औषधोपचाराचा सारा खर्च आम्ही केला, हे सांगण्यात काही पुण्य नाही. कारण तो पाय पूर्ववत झाला नाही. आज तो आमच्याच गोदामावर वजनकाटा सांभाळतो, आणि तो लंगडत काट्यापर्यंत येतो तेव्हा आमच्या मनात जे वजन पडते ते कोणत्याही काट्यावर दिसत नाही.

नंतर मिस्त्रींनी तो गिअरबॉक्स आमच्यासमोर उघडला. तिसऱ्या गिअरचे गुंतण्याचे दात गोलसर झाले होते, सिलेक्टर फोर्कची टोके झिजून पातळ झाली होती, आणि आवाज दबावा म्हणून तेलात ग्रीस कालविलेले होते. यातील एकही दोष असा नव्हता की जो झाकण उघडताच दिसला नसता.

गिअरबॉक्स करतो काय

पुढील परीक्षा समजण्यापुरते थोडेसे सांगणे अवश्य आहे. इंजिनाची ताकद त्याच्या फेऱ्यांच्या ठराविक मर्यादेतच चांगली मिळते. चढावर जोर हवा, सपाटीवर वेग हवा; हा सौदा गिअरबॉक्समधील लहानमोठी दातेरी चाके जुळवून देतात. आजच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या गिअरांची चाके सदैव एकमेकांत गुंतलेलीच असतात. आपण दांडा हलवितो तेव्हा फोर्क एका सरकत्या बांगडीला, म्हणजे स्लीव्हला, ढकलतो आणि ती बांगडी हव्या त्या चाकाच्या बाजूच्या बारीक दातांत अडकून त्याला शाफ्टशी जखडते. दोहोंचा वेग आधी समान व्हावा म्हणून मध्ये बहुधा पितळेची एक कडी असते. तिला सिंक्रोनायझर रिंग म्हणतात. ही युक्ती मोटारींत प्रथम १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत आली. त्यापूर्वी, आणि ट्रकमध्ये त्यानंतरही कित्येक वर्षे, चालकाला दोनदा क्लच दाबून वेग स्वतःच जुळवावा लागे. १९५४ साली टेल्कोने डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जे ट्रक बनविण्यास आरंभ केला, त्यांवर हात बसलेले जुने चालक अजूनही सवयीने दोनदा क्लच दाबतात.

यावरून ध्यानात येईल की गिअर सुटणे हा बहुधा मोठ्या चाकाच्या दातांचा दोष नसून त्या बारीक गुंतणाऱ्या दातांचा, बांगडीचा, फोर्कचा किंवा खोबणीत गोळी दाबून धरणाऱ्या स्प्रिंगचा असतो.

पहिली पायरी : दुकानातच विचारावयाचे

धान घेताना आपण शेत कोणते, पाणी कोणते, मळणी केव्हाची, हे विचारतो. गिअरबॉक्स घेतानाही तसेच विचारावे. तो कोणत्या गाडीतून निघाला? ती गाडी का मोडली? अपघातात मोडलेल्या गाडीचा गिअरबॉक्स पुष्कळदा चांगला असतो, कारण गाडी चालती होती. मात्र धक्क्याने कवचास चीर गेली नाही ना, हे पाहावे लागते. उलट ‘‘नुसता गिअरबॉक्सच काढून विकावयास आला’’ असे उत्तर मिळाले तर तो का काढला हा प्रश्न उरतोच.

त्यानंतर जोड पाहावी. बाहेरून सारखे दिसणारे दोन गिअरबॉक्स आतून निराळ्या प्रमाणाचे असू शकतात. म्हणून आपला जुना गिअरबॉक्स किंवा त्याच्या पट्टीवरील क्रमांक सोबत न्यावा, आणि आपली जुनी क्लच प्लेट तर अवश्य न्यावी. ती प्लेट नव्या मालाच्या पुढच्या शाफ्टवरील खाचांत सहज सरकली पाहिजे. अडली तर तो माल आपला नव्हे. फार सैल डुलली तर खाचा झिजलेल्या आहेत. ही परीक्षा पै न खर्चता होते.

पक्के बिल घ्यावे, आणि त्यावर क्रमांक लिहून घ्यावा. गाडीच्या नोंदणीपुस्तकात इंजिनचा आणि चासीचा क्रमांक असतो, गिअरबॉक्सचा नसतो. म्हणून बिल हाच आपला पुरावा. मेरठच्या सोतीगंज बाजारात चोरीच्या गाड्या सुट्या करून विकण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालला आणि २०२१ च्या अखेरीस पोलिसांच्या कारवाईने तो बाजार बंद झाला, हे वृत्त सर्वांनी वाचले असेल. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ अन्वये गुन्हा आहेच; परंतु आपणां जैन व्यापाऱ्यांना त्याहून जुना कायदा आहे. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत तत्त्वार्थसूत्रात चोराने आणलेला माल घेणे, खोटी मापे वापरणे आणि नकली माल खऱ्याच्या नावाने देणे हे तिन्ही गणले आहेत. ग्राहक आणि विक्रेता दोघांनाही ते लागू आहेत.

दुसरी पायरी : बाहेरील रूप

ताजा रंग पाहून खूश न होता सावध व्हावे. मळकट, तेलकट, धूळ बसलेला गिअरबॉक्स निदान खोटे बोलत नाही. रंगाखाली वेल्डिंगचा डाग आहे काय, बोल्टचे कान तुटून जोडले आहेत काय, कवचावर आतून ठोसा बसल्यासारखा फुगवटा किंवा चीर आहे काय, हे बोटाने चाचपावे. जोडांवर नवा चिकट मसाला दिसला तर तो कोणी तरी उघडला होता हे निश्चित. का उघडला ते विचारावे. बोल्टांची डोकी पान्याने घासून गोल झाली असतील तर तो अनेकदा उघडला गेला आहे.

तिसरी पायरी : तेलाची साक्ष

आमच्या मते सर्वांत प्रामाणिक साक्षीदार तेल होय. खालची बूच सैल करून पांढऱ्या कापडावर किंवा बशीत थोडे तेल काढावे. काळसर तेल हा दोष नव्हे. चुंबक असलेल्या बुचेवर करडा, मऊ, लोण्यासारखा गाळ असणे हेही स्वाभाविक. ती वर्षांची साधी झीज आहे. परंतु बोटांना टोचणारे कण, नखाएवढे तुकडे, पातळ पापुद्रे निघाले तर दात किंवा बेअरिंग तुटले आहे असे समजावे. तेलात पिवळी चमक तरंगत असेल तर सिंक्रोनायझरच्या पितळी कड्या झिजत आहेत. मलाजखंडच्या शेजारी राहणाऱ्या आम्हांस पिवळ्या धातूची चमक पाहून आनंद होतो, पण येथे तो आनंद फसवा आहे. दुधासारखे पांढुरके तेल म्हणजे आत पाणी गेले, आणि पाणी गेले तेथे बेअरिंगला गंज चढला असण्याचा संभव आहे.

तेल अवाजवी घट्ट असेल तर आमची कथा आठवावी. ग्रीसने आवाज लपतो, दोष लपत नाही. आणि दुकानदाराने तेल आधीच काढून टाकले असेल तर निदान बूच आणि तळ बोटाने पुसून पाहावा. गाळ पूर्ण धुतला जात नाही.

चौथी पायरी : हाताने फिरवून

गिअरबॉक्स ओट्यावर किंवा लाकडी ठोकळ्यांवर ठेवावा. पुढच्या शाफ्टवर जुनी क्लच प्लेट बसविली की फिरविण्यास उत्तम चाकासारखी मूठ मिळते. न्यूट्रलमध्ये सावकाश फिरवावे. वाळू दळल्यासारखी खरखर लागली तर बेअरिंग गेले. मग पुढचा शाफ्ट वरखाली हलवावा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : त्या शाफ्टचे टोक गाडीत इंजिनाच्या क्रँकमधील लहान बेअरिंगच्या आधारावर असते, म्हणून बाहेर काढलेल्या स्थितीत थोडे डुलणे साहजिक आहे. त्यामुळे चांगला माल परत करू नये. परंतु तो आतबाहेर खटखट सरकत असेल, किंवा मागची फ्लँज बाजूला हलत असेल, तर ती झीज होय.

यानंतर एकेक गिअर टाकावा. दांडा जागेवर जाताना टक असा स्पष्ट बोध झाला पाहिजे. दात दातावर आल्याने अडले तर शाफ्ट किंचित फिरवून पुन्हा टाकावे, बळजोरी करू नये. प्रत्येक गिअरमध्ये मागच्या फ्लँजवर खडूची खूण करून, तिचा एक फेरा होण्यास पुढचे किती फेरे लागतात ते मोजावे. ट्रकच्या पहिल्या गिअरमध्ये ते सहा-सातच्या आसपास असू शकतात, हलक्या गाडीत चारच्या आसपास. पुढे ते कमी होत जातात, आणि पुष्कळ गाड्यांत वरच्या गिअरला एकास एक प्रमाण असते. हे आकडे आपल्या जुन्या गिअरबॉक्सशी ताडून पाहिले की प्रमाण जुळते की नाही हे बसविण्यापूर्वीच कळते. रिव्हर्समध्ये मागची फ्लँज उलट फिरली पाहिजे. फिरविताना प्रत्येक फेऱ्यात नेमक्या एकाच जागी ठसका बसत असेल तर एखादा दात तुटलेला आहे.

शेवटी, एकाने पुढचा शाफ्ट आवळून धरावा आणि दुसऱ्याने मागची फ्लँज दोन्ही दिशांनी झटके देत फिरवावी. उतारावर नेमके हेच घडते : चाके इंजिनाला ओढतात आणि दातांवरील दाब उलटतो. या परीक्षेत जो गिअर उडेल तो निश्चित टाकाऊ. मात्र उडाला नाही म्हणून तो निर्दोष असे नव्हे. नव्वद क्विंटलांचा भार दोन माणसांच्या हातांत नसतो. म्हणूनच पुढची पायरी चुकवू नये.

पाचवी पायरी : झाकण उघडून

धान्याच्या पोत्यात परखी खुपसून मधला आणि तळचा दाणा काढून पाहणे हा आपला धर्म. झाकण उघडणे ही गिअरबॉक्सची परखी होय. विक्रेता उघडू देत नसेल तर नमस्कार करून परत फिरावे.

आत पाहताना, मोठ्या दातांचा पृष्ठभाग एकसारखा चकचकीत असणे चांगले. त्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे, तुटलेल्या कडा किंवा तापल्याने आलेली निळसर-काळी झाक वाईट. त्यानंतर त्या बारीक गुंतणाऱ्या दातांकडे पाहावे. सुस्थितीत त्यांची टोके घराच्या छपरासारखी दोन उतारांची आणि टोकदार असतात. झिजलेली टोके गोल, बोथट दिसतात. मिस्त्री बॅटरीच्या उजेडात प्रत्येक गिअरचे दात दाखवीत असता ते आपण स्वतः पाहावे.

पितळी कडी हाताने तिच्या शंकूवर दाबून फिरवून पाहावी. तिने पकडले पाहिजे. दाबलेल्या स्थितीत कडी आणि चाक यांच्यामध्ये उरणारी फट पात्यांच्या गेजने मोजता येते. कडी जसजशी झिजते तसतशी ही फट कमी होते. कोठवर चालेल ती मर्यादा कारखान्याच्या पुस्तकात दिलेली असते. फोर्कची टोके दोन्ही बाजूंस सारखी जाड आहेत काय, बांगडीच्या खोबणीत ती फार सैल हलतात काय, हेही पाहावे. घाटावर राबलेल्या गाडीत मधल्या गिअरांवर अधिक भार पडलेला असतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरकडे अधिक लक्ष द्यावे.

कड्या, सील, बेअरिंग हे बदलता येते. त्यासाठी भाव कमी करून माल घेण्यास हरकत नाही. कवच फुटलेले किंवा शाफ्ट आणि चाके तापून काळी पडलेली असतील तर फुकटही घेऊ नये.

बसविताना

चांगला माल वाईट रीतीने बसविला तर तोही बिघडतो. एवढी खटपट करून गिअरबॉक्स उतरविलाच आहे, तर सील, रिलीज बेअरिंग आणि क्रँकमधील लहान बेअरिंग नवे घालावे, क्लच प्लेट झिजली असल्यास तीही बदलावी. या वस्तू गिअरबॉक्सच्या मानाने स्वल्प किमतीच्या असतात आणि त्यांच्यासाठी पुन्हा सारे उतरविणे परवडत नाही. बसविताना गिअरबॉक्सचा भार जॅकवर असावा. शाफ्ट प्लेटमध्ये अर्धा गेलेला असता त्यावर गिअरबॉक्स लोंबकळू देऊ नये, प्लेट वाकते. बोल्ट आवळून त्याला बळाने ओढूनही घेऊ नये. तेल कारखान्याने सांगितलेल्याच जातीचे घालावे. ‘अधिक भारी ते अधिक चांगले’ असे समजून मागच्या एक्सलचे तेल घातले तर काहींतील तीव्र रसायने पितळी कड्यांना बाधू शकतात. हवा सोडणारी लहान नळी मोकळी आहे ना, हेही पाहावे.

पहिली फेरी रिकाम्या गाडीने, दुसरी अर्ध्या भाराने, आणि तीही ओळखीच्या सौम्य उतारावर करावी. प्रत्येक गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून दांडा जागी राहतो की नाही ते पाहावे. काहीशे किलोमीटरांनंतर तेल काढून पुन्हा बूच पाहावी. एवढे झाल्यावरच घाटाचे नाव काढावे.

हिशेब

व्यापाऱ्याला शेवटी आकडे पटतात, म्हणून खाते मांडतो. जमेच्या बाजूस नव्या आणि जुन्या गिअरबॉक्सच्या किमतीतील फरक. नावेच्या बाजूस दोनदा उतरविण्या-बसविण्याची मजुरी, दोनदा तेल, गाडी उभी राहिलेले दिवस, हंगामात चुकलेला सौदा, आणि घाटावर गिअर सुटला तर दोन माणसांचे जीव. आम्ही जमेची बाजू मोठ्या अक्षरांत वाचली आणि नावेच्या बाजूचे पानच उलटले नाही. वाचविला होता केवळ अर्धा तास.

आम्ही जुना माल घेऊ नये असे म्हणत नाही. साध्या व्यापाऱ्याची गाडी जुन्या मालावरच चालते, आणि पारखून घेतलेल्या जुन्या गिअरबॉक्सने आमचीच गाडी पुढे कित्येक हंगाम निर्धोक चालविली. तो गिअरबॉक्स त्याच मिस्त्रींनी निवडला, आणि झाकण उघडले तेव्हा बॅटरी आम्ही धरली होती. मिस्त्री आज हयात नाहीत. त्यांचा प्रश्न मात्र आम्ही आमच्या मुलांना आणि गोदामावरील प्रत्येक नव्या माणसाला विचारतो.

व्यापारी बंधूंना एवढीच विनंती आहे की, गाडीत आपला माल असतो, पण तिच्या पुढच्या भागात दुसऱ्याचा मुलगा बसलेला असतो. म्हणून जेव्हा मिस्त्री ‘‘उघडून बघू द्या’’ म्हणेल, तेव्हा हंगामाचे कारण सांगू नये. त्याला अर्धा तास द्यावा, आणि आपण स्वतः तेथे उभे राहावे. इति अलम्.